परक्या दारातले पहिले दिवस : मिशनवर गेलेल्यांचे अनुभव

पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि कायम जोडीनं फिरणारी पोरं. परदेशात राहणाऱ्या बऱ्याच जणांनी ही जोडी पाहिली असेल. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. (2018 पासून खुद्द चर्चच सांगतं की 'मॉर्मन' म्हणू नका, आमचं पूर्ण नाव घ्या. पण ते टंकता टंकता धागा संपेल.) मी त्यातलाच एक होतो. मिशनवरून आलेले लोक भाषण देतात ते शेवटच्या महिन्यांवर, मला ऐकायचेत सुरुवातीचे दिवस. गेला असाल तर लिहा, तुमच्या दारात कुणी आलं असेल तरी लिहा.

मीच नारळ फोडतो. आईबाबा शिकायला अमेरिकेतल्या यूटात आले आणि या चर्चचे झाले. वाईची आजी त्याला सरळ 'बाटले' म्हणते. आमच्यात मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं मिशन, म्हणजे दारोदार धर्मप्रचार. कुठे ते चर्च ठरवणार, माझ्या वेळी महिन्याला 400 डॉलर घरचे भरायचे. पॅरिसला पाठवोत नाहीतर खेड्यात, आकडा तोच. मला 2014 मध्ये फिलिपिन्समधलं बोहोल बेट मिळालं. आदल्या वर्षीच्या भूकंपात तिथली जुनी दगडी चर्चं कोसळली होती, बरीच घरं ताडपत्रीखाली होती.

यूटातच प्रोव्हो गावी मिशनरींचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सेबुआनो भाषा घोकून गेलो होतो. पहिल्याच घरी बांबूच्या फाटकावर टकटक केली, तर माझा फिलिपिनो जोडीदार हसत सुटला. तिथे दार वाजवत नाहीत, रस्त्यातूनच 'अयो!' अशी हाळी द्यायची. आतून 'दायोन' आलं की आत जायचं. मी 'अयो' ओरडलो. एक पोरगी बाहेर आली आणि म्हणाली, 'वाला सी मामा', आई घरात नाही. पडद्याखाली आईचे पाय दिसत होते.

दोन आठवडे प्रत्येक गल्लीत हेच. माझ्या आधी तिथे असलेल्या गोऱ्या पोरांना लोक बसायला खुर्ची देत, मला बघितलं की घर रिकामं! शेवटी जोडीदारानं उलगडा केला. तिकडे भारतीय माणसाला 'बुंबाय' म्हणतात, मुंबईवरून. आणि बुंबाय म्हणजे सावकार: पाच घ्या, सहा परत करा. मोटारसायकलवरून वसुलीला येणारे बहुतेक पंजाबी, पण तो फरक कोण करतो? छातीवर येशूचं नाव लावून मी दारात उभा, आणि आतली बाई हप्ता चुकल्यासारखी लपलेली. मग मी हाळी दिल्यावर लगेच पुढचं वाक्य जोडायला लागलो, 'पैसे मागायला आलो नाही.' माझं पहिलं अस्खलित सेबुआनो वाक्य ते.

सुख एकच होतं. आमच्या खोलीवर चौघे राहायचो. आयडाहोचा दुसरा नवखा बादली आणि मग घेऊन न्हाणीत अर्धा तास नुसता उभा राहिला. ते मात्र मला वाईत आजीनं शिकवलं होतं.

—

मी लाइपझिगला राहते. आमच्या इमारतीत अकरा मजले. एका नोव्हेंबरात दोन मुली आल्या, त्यातली एक एकोणीस वर्षांची, जर्मनीत येऊन जेमतेम आठवडा झालेली. मी चहा टाकते म्हटलं तर नको. कॉफी? तीही नको. मला वाटलं संकोच करतायत, म्हणून आग्रह केला. शेवटी मोठीनं सांगितलं की धर्मातच नाही. हळदीचं दूध दिलं, धाकटीनं दोनदा घेतलं. तिचं जर्मन कच्चं, माझं त्याहून कच्चं, त्यामुळे गप्पा फार छान झाल्या! त्या दिवशी उघडलेलं माझं पहिलं दार, म्हणाली आणि रडायलाच लागली. मी काही त्यांच्या चर्चला गेले नाही. पण मंगळवारी यायच्या, आम्ही विभक्त्या पाठ करायचो.

—

सॉल्ट लेक सिटीत एमएस करताना माझा रूममेट पाचव्या आठवड्यात मिशनवरून परत आलेला होता. झोप उडाली, छाती धडधडायची, डॉक्टरनं परत पाठवलं. दोन वर्षं पूर्ण करून येणाऱ्याला विमानतळावर फुगे आणि फलक. याला घ्यायला फक्त आई. रविवारी प्रत्येक जण विचारायचा, 'अरे, एवढ्यात?' पुढे त्यानं चर्चची वेळच बदलून घेतली. त्या वेळेला येणाऱ्यांत कुणी ओळखत नव्हतं.

—

थोडं अवांतर. हे लोक पुण्यात फार आधी येऊन गेलेत. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला, पुढे पुण्यात प्रचार करू लागला. ऐकणारे मुख्यतः ब्रिटिश शिपाई, त्यामुळे लष्करी साहेबांची खप्पामर्जी. बाकी पुणेकरांनी काय उत्तरं दिली असतील याची कल्पना करावी.

—

सगळं गोड आहे, पण शेवटी धर्मांतरच ना?

—

धागाकर्ता : हो, त्यासाठीच जातात, लपवायचं काय त्यात. माझ्या दोन वर्षांतले मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

एक राहिलं. तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच, मदर्स डे आणि नाताळ. (2019 पासून दर आठवड्याला करता येतो. आताची पोरं सुखी आहेत.) पहिल्या नाताळला बाबांनी वाईचा फोनही जोडला. मी मिशनला जाणार कळल्यापासून आजी बोलत नव्हती. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "अंघोळीला गरम पाणी मिळतं का रे?"

"नाही. पण बादली आहे."

"बरंय मग."