मदत हवी आहे: विसावा आठवडा, वार पुढे, हालचाल अजून कळत नाही

नमस्कार मंडळी,

गरोदरपणाची माझी पहिलीच वेळ आहे, विसावा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात ॲनोमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट आहेत का ते बघणारी सोनोग्राफी) झाला. हृदयाचे चारही कप्पे, मणका, मूत्रपिंडं सगळं व्यवस्थित आहे आणि वजन पाव किलोच्या थोडं वर. रिपोर्टमध्ये ‘प्लासेंटा अँटीरियर’, म्हणजे वार (नाळेतून बाळाला पोसणारा भाग) पुढे, असं लिहिलंय, पण दवाखान्यात एवढी गर्दी होती की त्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं. स्क्रीनवर बाळ चांगलं हातपाय झाडत होतं. मला मात्र आतून काहीच जाणवत नाही! जाऊबाई म्हणतात, "मला धाकट्याच्या वेळी चौथ्या महिन्यातच कळलं होतं." तेव्हापासून सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात आणि मी रोज नाही म्हणते.

दुसरं, मोबाईलमधल्या ॲपवर गेल्या आठवड्यात बाळाची लांबी १५ सेंमी होती, या आठवड्यात थेट २५. हे कसं शक्य आहे?

आणि तिसरं. कांदिवलीहून चर्चगेटला रोज लोकलने जाते. आई म्हणते आता रजा टाक. गर्दीचा बाळाला त्रास होतो का?

पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. केशर-दुधाचे सल्ले कृपया नकोत, घरात पुरेसे मिळतात.

– कांदिवलीकरीण

चाफेकळी: जाऊबाईंचा धाकटा म्हणजे त्यांची दुसरी वेळ ना? मग तुलनाच चुकीची. एकदा अनुभव असला की ते लवकर ओळखू येतं, पहिलटकरणीला बऱ्याचदा विसाव्या आठवड्यापर्यंत काही कळत नाही. त्यातून तुमची वार पोटाच्या पुढच्या बाजूला आहे. बाळाच्या लाथा आधी तिच्यावर बसतात, म्हणून बाहेर कमी पोचतात. माझीही पुढेच होती. सुरुवातीला गॅसेस वाटायचे, तेही ओटीपोटात आणि कडेला. दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडा आणि लक्ष द्या. चालताना, काम करताना नाहीच कळत.

निवृत्त_परिचारिका: वरचं बरोबर आहे. बाळ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलत असतं, तेव्हा ते जेमतेम दीड सेंटिमीटरचं असतं, आपल्याला कळणार कसं? वार पुढे असणं हा दोष नाही. वार *खाली*, गर्भाशयाच्या तोंडाजवळ असेल तर ती वेगळी गोष्ट, पण तसं असतं तर रिपोर्टमध्ये लिहिलं असतं. तरी पुढच्या वेळी विचारून खात्री करा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. २४ आठवडे होऊनही काहीच जाणवलं नाही, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. आणि एकदा हालचाल कळू लागली की पुढे, विशेषतः २८ आठवड्यांनंतर, ती नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी दाखवा. "गोड खाऊन बघ, उद्यापर्यंत थांब" असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका, सासूबाईंचंही नाही. शेवटच्या महिन्यात जागा कमी म्हणून बाळ हलत नाही, हेही खोटं. हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती थांबत नाही.

गणिताचा_मास्तर: लांबीचं कोडं सोपं आहे. सुरुवातीला बाळाचे पाय पोटाशी दुमडलेले असतात, म्हणून डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजतात. तुमच्या ॲपने विसाव्या आठवड्यापासून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायला घेतलंय. बाळ तेवढंच आहे, मोजपट्टी बदलली.

आणखी एक. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे तुमचं २० आठवड्यांचं बाळ खरं तर १८ आठवड्यांचं आहे. सासूबाईंना हे सांगू नका, नवी चौकशी सुरू होईल.

विरार_फास्ट: लोकलबद्दल: बाळाभोवती पाणी असतं, गाडीच्या हेलकाव्यांनी त्याला काही होत नाही. खरा धोका तुम्ही धक्क्याने पडण्याचा आणि तासभर उभं राहण्याचा. दिव्यांग डब्यात गरोदर बायकांना परवानगी आहे, तिथे चढा. जमलं तर कांदिवलीहून सुटणारी स्लो पकडा, वेळ जाईल पण बसायला मिळेल. रक्तस्राव, पाणी जाणं किंवा पोटात कळा असं काही झालं तर मात्र ऑफिस विसरा आणि तडक दवाखाना गाठा.

कांदिवलीकरीण: सगळ्यांचे आभार. कालपासून डाव्या बाजूला बुडबुड्यांसारखं काहीतरी होतंय, पण काल वाटाण्याची उसळ होती, त्यामुळे अजून कुणाला सांगितलेलं नाही. दिव्यांग डब्यात कागद मागतात का?

विरार_फास्ट: मला कुणी मागितला नाही, पण तुमचं पोट अजून फारसं दिसत नसेल. फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.