भिंत बघायला वाट वाकडी केलीय कधी? खानदेशातले अनुभव लिहा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलंही गाव चालेल. मुद्दाम शोधत जाऊन पाहिलेली रंगवलेली भिंत सांगा. सुरुवात मी करतो, पुढे आपापल्या गावाचं नाव टाकून लिहा.

जळगाव
रविवारी सकाळी साडेसहाला सायकल काढतो, ऊन चढायच्या आत परत. एकदा शाळेच्या कंपाउंडवर बहिणाबाई रंगवताना एक पेंटर भेटले. गेरूत बुडवलेली दोरी ताणून त्यांनी आख्ख्या भिंतीवर चौकटी पाडल्या होत्या. मोबाइलवरच्या फोटोतली एकेक चौकट ते भिंतीवर मोठी करत होते. जात्याचा खुंटा झाला होता, पण धरणारा हात अजून नुसत्या रेघांत होता. तासभर थांबलो. म्हणाले, "ही भिंत पश्चिमेची आहे भाऊ, लाल रंग आधी उडेल." नाव कुठे टाकणार विचारलं, तर खालच्या कोपऱ्यातली बोटभर जागा दाखवली. तेव्हापासून कुठलंही चित्र पाहिलं की आधी तो कोपरा शोधतो. बहुतेक वेळा कोराच असतो, आणि त्याचं वाईट वाटतं.

नंदुरबार
आमच्याकडे शिरीषकुमारचं चित्र दिसलं की मी थांबतेच. 9 सप्टेंबर 1942 ला इंग्रजांविरुद्धच्या मोर्चात गोळी लागली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पुष्कळ ठिकाणी त्याला थोराड काढतात. पोरगा पोरगाच दिसायला हवा, नाहीतर काय घडलं ते कळतच नाही.
आणखी एक. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूरकडे राठवा आदिवासींच्या घरात पिठोरा, म्हणजे भिंतीवरचं घोड्यांचं चित्र, पाहिला. तो नवसाचा असतो. लखारा घोडे काढतो, बडवा विधी करतो, रंगात दूध आणि मोहाची दारू कालवतात. तेच घोडे शहरात नुसत्या सजावटीला दिसले की चुकल्यासारखं होतं.

भुसावळ
मला आवडलेली भिंत दुसऱ्यांदा पाहायला गेलो, तर वर क्लासची जाहिरात. फोटोही काढला नव्हता. दिसली की त्याच दिवशी काढा.

जामनेर
पाहुणे आले की आम्ही अजिंठ्याला नेतो. तिथे मी आता चित्रापेक्षा उडालेले पोपडे बघतो. दगडावर भुसा, काड्या घातलेली माती, तिच्यावर चुन्याचा पातळ हात आणि ते वाळल्यावर रंग. आजी धाब्याचं घर लिंपताना मातीत भुसा मळायची, तेच हे. निळ्या रंगाचा दगड मात्र पार अफगाणिस्तानातून आलेला.

धुळे तालुका
लग्नघराच्या भिंती कुणी धरल्या नाहीत अजून? दाराच्या दोन्ही बाजूंना कळस, वर गणपती, खाली नवरानवरीची नावं. आत्याच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी आमच्या ओट्यावर 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं निळीत दिसतात. आत्याची नात तिथे बोट ठेवून विचारते, "हाई काय शे?" कानबाईच्या सणासाठी घराला चुना दिला, तेव्हा वडिलांनी तेवढा हातभर तुकडा सोडायला लावला.