[मंडळ-यादी] विषय: सोरॉरिटीचा पुढे नोकरीला खरंच उपयोग होतो का?

प्रेषक: नीलेश

मंडळी नमस्कार,
लेक ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगला जातेय आणि रशचा (इथल्या अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या संघटना, म्हणजे सोरॉरिटी, त्यांत शिरण्याच्या निवडफेऱ्यांचा) फॉर्म भरायचा म्हणतेय. "पुढे नोकरीला उपयोग होतो" हे तिचं म्हणणं. मला तो सगळा पार्ट्यांचा मामला वाटतो. पैसे टाकावेत का?

प्रेषक: सुलभाताई

नीलेश,
उपयोग होतो, पण आपोआप नाही. आधी कुठली सोरॉरिटी ते विचार, कारण सगळ्या एकाच माळेचे मणी नाहीत.

ऑगस्टचा गाजावाजा असतो तो नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या 26 संस्थांचा. माजी सभासद भरपूर, सगळ्या क्षेत्रांत पसरलेल्या. आपल्या दक्षिण आशियाई मुलींच्या वेगळ्या: काप्पा फाय गॅमा (ऑस्टिन), डेल्टा फाय ओमेगा (ह्युस्टन), सिग्मा सिग्मा रो (न्यूयॉर्कचं सेंट जॉन्स), तिन्ही 1998 सालच्या. चॅप्टर (एकेका कॉलेजातली शाखा) लहान, त्यामुळे पद लवकर मिळतं. माजी सभासद संख्येने कमी, पण सर्वांत ज्येष्ठ असलेल्या आत्ता पन्नाशीच्या आसपास आहेत, म्हणजे माणसं नेमण्याच्या खुर्चीवर बसण्याच्या वयाच्या. तिसरा प्रकार इंजिनिअरिंगवाल्यांचा: अल्फा ओमेगा एप्सिलॉन (1983) आणि फाय सिग्मा रो (1984, पर्ड्यू). तुझ्या लेकीला मी तरी हाच दरवाजा आधी ठोठावायला सांगेन.

26 वाल्यांमध्ये एक मेख आहे. शेवटच्या फेरीनंतर मुली एका करारावर सही करतात. त्यात ज्या सोरॉरिटीचं नाव लिहिलं तिची बिड (सभासद होण्याचं आमंत्रण) आली आणि ती नाकारली, तर पुढच्या मुख्य रशपर्यंत त्या कॅम्पसवर बाकीच्यांची दारं बंद. आणि एकदा इनिशिएशन (सभासद करून घेण्याचा समारंभ) झालं की उरलेल्या 25 पैकी कुठेही कधीच प्रवेश नाही. म्हणून "बघू या तरी" म्हणून नाव लिहायचं नाही.

पैशांचं: पहिलं सेमिस्टर सर्वांत महाग, कारण नेहमीच्या ड्यूजवर (सभासद-वर्गणीवर) नवीन सभासदाची फी, राष्ट्रीय फी आणि बॅज चढतात. दुसऱ्या वर्षी चॅप्टरच्या घरात राहण्याची सक्ती आहे का, हे लेखी विचार. बाहेर अपार्टमेंटचं लीज करून बसलात तर दोन्हीकडे भाडं.

प्रेषक: नीलेश

ताई, आभार. पण नोकरी नेमकी मिळते कशी? रेझ्युमेवर नाव टाकून?

प्रेषक: सुलभाताई

नुसत्या नावाला कुणी विचारत नाही. पद लागतं, आणि तेही वेळेवर. बहुतेक चॅप्टरमध्ये निवडणुका नोव्हेंबरच्या सुमारास, कारभार जानेवारी ते डिसेंबर. तिसऱ्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे करिअर फेअर तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात निवडून आलेली खजिनदार फेअरला आठ महिन्यांचं काम दाखवू शकते. तेच पद चौथ्या वर्षी मिळालं तर शोभेला.

लिहायचं असं: "खजिनदार, 90 सभासद, 60 हजार डॉलरचं बजेट, हप्त्यांची सोय सुरू करून थकबाकी 12 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर." आकडे अर्थात तिचे खरे. संस्थेचं नाव पूर्ण लिहायचं, ग्रीक अक्षरं नकोत. अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर तिथे अडखळू शकतं.

प्रेषक: केदारकाका

खजिनदारपदाबद्दल मीही थोडं सांगतो. चॅप्टरची वार्षिक जमा साधारण 50 हजार डॉलरपर्यंत असेल तर आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) छोटा ऑनलाइन फॉर्म 990-एन भरावा लागतो, आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. लागोपाठ तीन वर्षं भरायचा राहिला की करसवलत आपोआप रद्द. खजिनदार दरवर्षी बदलते आणि हस्तांतरात हाच कागद गळतो. मुलीने तो घोळ निस्तरला असेल, तर मुलाखतीत सांगायला पाच मिनिटांचा ऐवज मिळाला.

शिवाय बहुतेक सोरॉरिटींचं वेगळं फाउंडेशन असतं. त्याच्या शिष्यवृत्त्या सभासदांनाच, काही तर पुढच्या मास्टर्ससाठीसुद्धा. हे बघायचं सोडून सगळे ड्यूजवर कुरकुरतात.

आणि हेझिंग, म्हणजे नव्या सभासदांचं रॅगिंग. डिसेंबर 2024 च्या केंद्रीय कायद्यानुसार कॉलेजांनी दोषी ठरलेल्या संस्थांचा अहवाल वेबसाइटवर टाकायचा आहे. फॉर्म भरण्याआधी तो उघडून बघ.

प्रेषक: मृणाल

माझी भाची पुण्याहून एमएसला येतेय. तिला जमेल का?

प्रेषक: सुलभाताई

मृणाल, 26 वाल्यांचा रश पदवीच्या मुलींसाठी असतो, त्यामुळे तो विषय सोड. तिने सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्सचं विद्यार्थी सभासदत्व घ्यावं. कुठल्या गुप्त समारंभाशिवाय ओळखी होतात.

नीलेश, एक राहिलं. माजी सभासदाला लिंक्डइनवर शोधायचं ते कॉलेजच्या पानावरच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत, सोरॉरिटीचं नाव आणि शहर टाकून. निरोप चार-पाच ओळींचा: चॅप्टर, वर्ष, तिच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न, आणि वीस मिनिटं फोनवर मिळतील का. रेझ्युमे जोडायचा नाही, "काही नोकरी आहे का" तर अजिबात नाही; त्याला उत्तर येत नाही. आठवड्याभराने एकदा आठवण, मग गप्प.

रेफरल (आपल्या कंपनीत शिफारस) द्यायला ती तयार झाली, तर अर्ज थांबवून ठेवायचा. बऱ्याच कंपन्यांत आधी रेफरलची लिंक येते, मग त्यातूनच अर्ज करायचा असतो. मुली उत्साहाने आदल्या रात्रीच अर्ज टाकून मोकळ्या होतात आणि मग रेफरल त्या अर्जाला चिकटतच नाही.