मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न
माझ्या वडिलांना कंबरेपासून डाव्या पोटरीपर्यंत तीव्र कळा येतात. कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून नस दबल्याचे एमआरआयमध्ये दिसले आहे. गोळ्या आणि फिजिओथेरपीने पुरेसा आराम न पडल्यामुळे डॉक्टरांनी मणक्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे; परंतु वडिलांना मधुमेह असल्याने घरातील सर्वजण धास्तावले आहेत. या इंजेक्शनाने नेमके काय साधते आणि शस्त्रक्रिया टळते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
गादी सरकते तेव्हा नस केवळ दबत नाही, तर गादीतून बाहेर आलेल्या द्रव्यामुळे तिचा दाह होतो, आणि पायात उतरणारी कळ बऱ्याच अंशी या दाहाची असते. स्टेरॉइड तो दाह शमवते. गादी जागेवर बसवत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या, उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये तीव्र सायटिकासाठी, म्हणजे नसेच्या त्रासाने पायात उतरणाऱ्या कळेसाठी, या इंजेक्शनाचा विचार करावा असे म्हटले, पण नुसत्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नये असेही बजावले. आराम मिळाला तर तो काही आठवडे ते काही महिने टिकतो. सरकलेली गादी अनेकांच्या बाबतीत काही महिन्यांत आपोआप आक्रसते. तोवरचा काळ सुसह्य करणे हाच या इंजेक्शनाचा खरा उपयोग आहे, असे माझे मत आहे. शस्त्रक्रिया टळेलच, अशी हमी मात्र कोणी देऊ नये.

प्रतिसाद २
मधुमेहाविषयी लिहितो. इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते, त्यामुळे ती अधिक वेळा तपासावी आणि औषधाची मात्रा बदलावी लागेल का, हे आधीच विचारून ठेवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत. सुई क्ष-किरणांच्या साहाय्याने, क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य आत टाकून, योग्य जागी असल्याची खात्री करणार का, हेही अवश्य विचारावे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2014 मध्ये या इंजेक्शनांमुळे क्वचित पक्षाघात किंवा दृष्टी जाण्यासारखे गंभीर परिणाम होऊ शकतात, असा इशारा दिला होता. असे प्रसंग विरळ असले, तरी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांची माहिती घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

प्रतिसाद ३
मी हे इंजेक्शन घेतले आहे. त्यात भूल देणारे औषधही असल्याने पहिले काही तास बरे वाटले, मग कळ परतली आणि काही दिवसांनी स्टेरॉइडचा गुण दिसू लागला. मधल्या काळात इंजेक्शन वाया गेले असे समजून खचू नये. कळ ओसरल्यावर व्यायाम पुन्हा सुरू करता आला, याचे मला विशेष समाधान आहे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक गोष्ट लिहायची राहिली: अलीकडे चालताना वडिलांच्या डाव्या पायातील चप्पल नकळत निसटते. हेही त्यातलेच असावे का?

प्रतिसाद १
ही बाब डॉक्टरांना आजच कळवा. पाऊल किंवा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होत असेल, तर प्रश्न केवळ वेदनेचा उरत नाही. स्टेरॉइडने कळ कमी होऊनही नसेचे नुकसान वाढत राहू शकते, म्हणून इंजेक्शनाचा निर्णय पायाची ताकद तपासल्यानंतरच व्हावा. लघवी वा शौचावरील नियंत्रण सुटले किंवा जांघांच्या मधला भाग बधिर झाला, तर भेटीची वेळ ठरवत न बसता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.