वेर्गीनाला अर्धा तास पुरत नाही

वर एकांनी लिहिलंय की उत्तर ग्रीसमधल्या वेर्गीनाचं संग्रहालय अर्ध्या तासात उरकतं. मला हे अजिबात पटत नाही. थेसालोनिकीहून एवढं जाताच आहात, तर अख्खा दिवस काढा.

हे गाव म्हणजे प्राचीन मॅसिडोनिया राज्याची जुनी राजधानी ऐगाय. १९७७ साली पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना इथल्या मोठ्या टेकाडाखाली राजघराण्याच्या कबरी सापडल्या. संग्रहालयही त्याच टेकाडाच्या पोटात आहे, त्यामुळे कबरींची दारं जागच्या जागी दिसतात. आत उजेड अगदी मंद ठेवलाय. डोळे सरावेपर्यंत घाई करू नका. ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट जवळून पाहाच. तीनशेच्या वर पानं, मधूनमधून ओकची फळं, आणि पत्रा इतका पातळ की पानाच्या शिरासुद्धा कळतात. सोन्याच्या अस्थिपेटीवरचा सोळा किरणांचा तारा तर प्रसिद्धच आहे.

दुसऱ्या क्रमांकाची कबर फिलिपची, म्हणजे अलेक्झांडरच्या वडिलांची, की अलेक्झांडरचा सावत्र भाऊ अर्‍हिडायस याची, हा वाद अजून मिटलेला नाही. काहींच्या मते फिलिप पहिल्या कबरीत होता. मला स्वतःला दुसरी कबर फिलिपची, हे आंद्रोनिकोस यांचंच म्हणणं जास्त पटतं.

आणि बहुतेकजण चुकवतात ते प्राचीन नाट्यगृह. इ.स.पू. ३३६ मध्ये मुलीच्या लग्नसोहळ्यात फिलिपचा खून झाला तो इथेच. जवळचा राजवाडाही जीर्णोद्धारानंतर २०२४ पासून खुला झालाय. तेवढी चढण नक्की चढा.