देजिमा पाहून आले आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये

उंबरठा
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं झाली फुकुओकाला आहोत, गेल्या आठवड्यात जोडून सुट्टी मिळाली म्हणून नागासाकीला जाऊन आलो. तिथलं देजिमा हे डच व्यापाऱ्यांचं जुनं बेट बघितलं. आता ते बेट राहिलेलं नाहीये, चारी बाजूंनी भराव पडून शहरातच मिसळून गेलंय, पण जुनी गोदामं, राहायची घरं परत बांधून काढलीत. मूळ आकार पंख्यासारखा आणि जागा किती, तर जेमतेम पावणेचार एकर! आमच्या गावची आमराई याहून मोठी आहे. एवढ्याशा जागेत १६४१पासून दोनशे वर्षांहून जास्त काळ डच व्यापारी राहिले, आणि परवानगीशिवाय पूल ओलांडून गावात यायचं नाही.

आपण शाळेत शिकलो ते असं की जपानने दारं लावून घेतली होती, १८५३मध्ये अमेरिकेचा पेरी तोफा घेऊन आला आणि दारं उघडली. मग मला कळत नाही की दोनशे वर्षं जगाकडे पाठ करून बसलेला देश १८६८पर्यंत, म्हणजे मेइजी राजवट येईपर्यंत, इतका कसा बदलला? आणि चीनकडे तर माणसं, पैसा, विद्वान सगळं होतं, त्यांच्यावर इंग्रजांकडून हार खायची वेळ का आली? माझी मुलगी नववीत आहे, तिने हेच विचारलं आणि मला धड उत्तर देता आलं नाही.

पानगळ
ताई, मुलीला आधी हे सांगा की जपान पाठ करून बसलेलाच नव्हता. पोर्तुगीजांना १६३९ला हाकललं ते ख्रिस्ती धर्माच्या भीतीने, त्याच्या आदल्याच वर्षी शिमाबाराचं ख्रिस्ती शेतकऱ्यांचं बंड मोडलं होतं. पण चार वाटा चालू होत्या, नागासाकीत डच आणि चिनी, त्सुशिमामार्गे कोरिया, सात्सुमामार्गे र्‍युक्यू बेटं आणि उत्तरेला मात्सुमाएमार्गे ऐनू लोक. आणि देजिमाला डच जहाज लागलं की त्यांना जगाच्या बातम्या द्याव्या लागायच्या, दुभाषे त्यांचं जपानीत भाषांतर करून एदोला (आजचं टोकियो) पाठवायचे. १८४४मध्ये तर डच राजाने स्वतः पत्र पाठवलं की चीनचं काय झालं ते बघा, वेळेत दारं उघडा. पेरी येतोय हेसुद्धा १८५२मध्ये डचांनी कळवलं होतं! शोगुनशाहीला, म्हणजे तिथल्या लष्करी सरकारला, बातमी होती, तयारी नव्हती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि नुसत्या बातम्या नव्हत्या हो, विद्या पण होती. १७२०मध्ये योशिमुने या शोगुनने परदेशी पुस्तकांवरची बंदी सैल केली (धर्माची सोडून). मग १७७१मध्ये एदोमध्ये सुगिता गेनपाकु आणि माएनो र्‍योताकु हे वैद्य देहदंड झालेल्या एका म्हातारीचं शवविच्छेदन बघायला गेले, हातात डच शरीरशास्त्राचं पुस्तक, आणि आतडी-काळीज सगळं त्यातल्या चित्रांबरहुकूम निघालं, जुन्या वैद्यकाच्या चित्रांशी जुळेना. दुसऱ्याच दिवशी भाषांतराला बसले. डच भाषा म्हणाल तर सुगितांना अक्षरओळखसुद्धा धड नव्हती! नाकाच्या वर्णनात एक शब्द अडला तर दिवसभर त्याच्यावर बसून राहिले. एका टिपणात सापडलं की फांदी तोडल्यावर जे राहतं ते, अंगण झाडल्यावर कचऱ्याचं जे होतं ते, आणि मग लख्ख झालं की अरे, हा तर उंचवटा, ढीग! नाक म्हणजे चेहऱ्यावरचा उंचवटा. सुगितांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत हे आहे, मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. १७७४ला ते भाषांतर छापून निघालं. म्हणजे पेरीच्या जवळजवळ ८० वर्षं आधी.

नर्मदाकाठ
जपानबद्दल पानगळ यांनी छान लिहिलंय, मी चीनबद्दल लिहितो कारण त्यात आपलाही हात आहे आणि ते आपल्याकडे कमी बोललं जातं.

इंग्रजांना चहा हवा होता आणि चीनला इंग्रजांकडून फारसं काही नको होतं, चांदी द्यावी लागायची. १७९३मध्ये इंग्रज वकील मॅकार्टनी भेटवस्तू घेऊन चीनच्या बादशहाकडे गेला तर त्या च्येनलुंग बादशहाने राजा जॉर्जला कळवलं की आम्हाला तुमच्या मालाची गरज नाही. चांदी वाचवायचा उपाय म्हणजे अफू. बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्त्याची होती, पण माळव्याची अफू पिकायची शिंदे-होळकरांच्या मुलखात, म्हणजे मराठी संस्थानांत, आणि ती मुंबई बंदरातून जायची. कंपनीने मग त्याच्यावर परवाना-जकात लावून पैसे काढले. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाबरोबर हा अफूचा व्यापार होता, आणि त्यांच्या दानातून उभं राहिलेलं जे. जे. हॉस्पिटल आजही गरिबांवर उपचार करतंय. मी त्या हॉस्पिटलमध्ये वडिलांना घेऊन महिनाभर होतो, तिथे चांगली माणसं भेटली, आणि तरी पैसा कुठून आला होता हे आठवतंच.

१८३९मध्ये बादशहाने पाठवलेल्या लिन झेशू या अधिकाऱ्याने कँटन बंदरात अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त केल्या, हुमेनला खड्डे खणून मीठ-चुना घालून ती अफू विरघळवली आणि समुद्रात सोडली, त्याआधी समुद्रदेवाची क्षमा मागणारी प्रार्थना लिहिली. इतका सरळ माणूस. इंग्रजांनी लढाई काढली, वाफेच्या लोखंडी बोटी आणल्या, १८४२च्या नानजिंग तहात हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली, वर २ कोटी १० लाख डॉलर भरपाई. आणि लिनला त्याच्याच बादशहाने पार शिनजियांगला हद्दपार केलं.

आता ताईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं. लिनने परदेशी भूगोलाची, वर्तमानपत्रांची भाषांतरं करून घेतली होती, ते कागद त्याने वेई युआन या मित्राला दिले. वेई युआनने समुद्रापलीकडच्या देशांवर मोठा ग्रंथ लिहिला, सार एवढंच की परक्यांचं तंत्र शिका आणि त्यानेच त्यांना आवरा. चीनच्या दरबाराने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. जपानमध्ये मात्र त्याच्या आवृत्त्या निघाल्या, साकुमा शोझान, योशिदा शोइन अशा विचारवंतांनी तो झपाटल्यासारखा वाचला. मार खाल्ला चीनने, धडा लिहिला चिनी माणसाने, वाचला जपानने. जपानच्या १८५८च्या अमेरिकेबरोबरच्या तहात अफूच्या आयातीला बंदी घातलेली आहे, ती चीनकडे बघूनच.

कातळकडा
सगळं पटलं पण "चीन आंधळा, जपान शहाणा" असं मुलीला सांगू नका प्लीज. चीनमध्ये १८५० ते ६४ तायपिंग बंड चालू होतं, दोन कोटींच्या आसपास माणसं गेली त्यात, आणि त्याच काळात दुसरं अफूयुद्ध होऊन १८६०ला बीजिंगचा उन्हाळी राजवाडा इंग्रज-फ्रेंचांनी लुटला आणि इंग्रजांनी जाळला. घर पेटलेलं असताना ग्रंथ कोण वाचणार? जपानला मधे दहा-बारा वर्षं मिळाली, दुसऱ्याचं घर जळताना बघायला मिळालं. १८६२मध्ये ताकासुगी शिनसाकु हा तरुण सामुराई शांघायला गेला तेव्हा परदेशी माणूस रस्त्यावरून आला की चिनी लोक बाजूला होतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं, घरी येऊन तो पेटला नसता तरच नवल.

आणि पुढचं पण सांगा. पेरीने जे जपानशी केलं तेच १८७६मध्ये जपानने कोरियाशी केलं. आधी युद्धनौका पाठवली, मग तह, बंदरं उघडा, आमच्या माणसाने गुन्हा केला तर खटला आमच्याच कायद्याने. १८९५ला चीनकडून २० कोटी टेल (चिनी वजनाचं माप) चांदी आणि तैवान घेतलं. माझ्या ऑफिसात एक कोरियन सहकारी आहे, तिच्याशी बोललं की मेइजी काळाचं कौतुक करताना जीभ अडखळते.

सांतेरी
मी गोव्याची, एक छोटी गोष्ट. कागोशिमाहून पळालेला आंजिरो नावाचा जपानी माणूस मलाक्कामार्गे गोव्याला आला, १५४८मध्ये तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथेच शिकला आणि त्यालाच बरोबर घेऊन सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९मध्ये कागोशिमाला उतरला. आपला पाव आणि जपान्यांचा पान (म्हणजे ब्रेड) एकाच पोर्तुगीज शब्दाचे.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला काल रात्री सगळं वाचून दाखवलं. नाकाच्या उंचवट्याची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली, आणि मग विचारलं की माळव्यातले शेतकरी अफू स्वतःच्या मर्जीने लावायचे का. नर्मदाकाठ, यावर काही वाचलं असेल तर लिहा. सांतेरीताई, आज सकाळी बेकरीत पान मागताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मी दोन वर्षं पावच मागतेय.