चार भाषांच्या एसडीकेचं डॉक्युमेंटेशन एकाच जागी जमतं का?

बॅकएंडवाला:
आमच्याकडे एकाच एपीआयच्या (दुसऱ्या प्रोग्रामने आमच्या सर्व्हरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) चार लायब्रऱ्या म्हणजे एसडीके आहेत, पायथन, जावा, जावास्क्रिप्ट आणि गो. प्रत्येकीचं डॉक्युमेंटेशन वेगळ्या रेपोत (कोड ठेवायच्या जागेत), वेगळ्या माणसाने लिहिलेलं, आणि आता रिट्रायचं (फसलेली रिक्वेस्ट पुन्हा पाठवण्याचं) पान जावात अपडेट झालंय पण पायथनमध्ये जुनंच आहे, मग सपोर्टला तिकिटं येत राहतात. मॅनेजर म्हणतात एकच पान ठेवा आणि टॅबमध्ये फक्त कोड बदला. कोणी केलंय का असं?

डॉक्सवाली:
जमतं, पण शेअर काय करायचं ते आधी ठरवा. ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं), पेजिनेशन (मोठं उत्तर तुकड्यांत देणं), रेट लिमिट (रिक्वेस्टच्या संख्येवरची मर्यादा) लागली की सर्व्हर काय करतो, हे सगळ्यांना सारखंच, ते एकदाच लिहा. कोडची उदाहरणं मात्र पानात हाताने टाइप करू नका प्लीज, सीआयमध्ये (आपोआप होणाऱ्या बिल्ड आणि टेस्टमध्ये) रोज चालणाऱ्या फाइलींमधून उचला. अपाचे स्पार्कवाले हेच करतात, उदाहरणाच्या फाइलमध्ये कमेंट टाकून कुठून कुठपर्यंत ते दाखवतात आणि बिल्ड होताना तेवढाच तुकडा पानात येतो. स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन टूलच्या लिटरलइन्क्लूडलाही (फाइलमधला कोड पानात आणणाऱ्या सूचनेला) अशा खुणा देता येतात.

गो_गडी:
हे पटलं, पण "फक्त कोड बदला" अजिबात नाही पटत. टाइमआउटचंच घ्या. कॉमन पानावर लिहिलं "टाइमआउट 30 द्या", तर पायथनवाला सेकंद समजणार, जावास्क्रिप्टवाल्याला सेटटाइमआउटची सवय म्हणून तो मिलिसेकंद समजणार, आणि गोमध्ये ड्युरेशनच्या (कालावधीच्या टाइपच्या) जागी नुसतं 30 टाकलं तर होतात 30 नॅनोसेकंद! कंपायलर हूं की चूं करत नाही आणि प्रत्येक रिक्वेस्ट टाइमआउट. एररचंही तसंच, "एक्सेप्शन पकडा" हे वाक्य गोवाल्याच्या काय कामाचं, तिथे एरर रिटर्न होते. म्हणून एरर हँडलिंग, कॉन्करन्सी (एकाच वेळी अनेक कामं चालवणं) आणि इन्स्टॉल ही पानं वेगळीच ठेवा, आणि त्या भाषेत रोज काम करणाऱ्यानेच लिहू द्या.

टेस्टिंगताई:
प्लेराइट या ब्राउझर टेस्टिंग टूलचा रेपो बघा. एपीआयचं वर्णन एकाच ठिकाणी मार्कडाउनमध्ये, त्यातूनच जावास्क्रिप्ट, पायथन, जावा आणि डॉटनेटची पानं बनतात. वाक्यात मेथडचं नाव आलं तर तेही त्या त्या भाषेच्या पद्धतीने छापतात, पायथनला अंडरस्कोर घालून, डॉटनेटला शेवटी असिंक लावून. एखादी गोष्ट दोनच भाषांत असेल तर तशी नोंद करतात, बाकीच्यांना ती दिसतच नाही. पण त्यासाठी त्यांनी स्वतःची स्क्रिप्ट लिहिलीय, ती सांभाळायला माणूस लागतो. तुम्हाला डॉक्युसॉरस या डॉक्सची साइट बनवणाऱ्या टूलचे टॅब पुरतील. ग्रुप आयडी द्या म्हणजे एकदा जावा निवडलं की सगळीकडे जावाच राहतं, आणि भाषा यूआरएलमध्ये येईल असं सेटिंग नक्की करा, नाहीतर सपोर्टवाला जावाची लिंक पाठवणार आणि समोर पायथन उघडणार.

बॅकएंडवाला:
खूप आभार सगळ्यांचे, ड्युरेशनवालं उदाहरण मी उद्या मीटिंगमध्ये तसंच्या तसं दाखवणार आहे. रिट्रायच्या पानापासून सुरुवात करतो. कॉमन पान बदललं की रिव्ह्यू कोणी करायचा पण?

डॉक्सवाली:
चारही लायब्रऱ्या सांभाळणाऱ्या मेंटेनरनी. कोणत्या फाइलचा रिव्ह्यू कोणाकडे ते सांगणाऱ्या गिटहबच्या कोडओनर्स फाइलवर विसंबू नका, एका ओळीत चौघांची नावं टाकली तरी कोणा एकाचं अप्रूव्हल पुरतं. पीआरच्या (कोडमध्ये बदल घ्या अशा विनंतीच्या) टेम्प्लेटमध्ये प्रत्येक भाषेचा चेकबॉक्स ठेवा, आणि "माझ्या भाषेत हे खरं आहे" असं पाहूनच प्रत्येकाने टिक करायचं.